रियाजाचे तारण

वाशीत रविवारी सकाळी पाठीवर गिटार अडकवून क्लासला निघालेली मुले दिसतात. त्यांचे वडील मला विचारतात, "काका, गिटारवर आपलं शास्त्रीय संगीत येतं का हो?" मी त्यांना १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकायला सांगतो. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस रागांमधून रंगवणारी ही ध्वनिमुद्रिका.

तीत वाजवणारे तिघे कुठून आले पाहा. जम्मूच्या शिवकुमार शर्मांचे संतूर काश्मीरच्या सूफियाना संगीतातले. त्यावर मींड कशी निघणार, असा जाणकारांचा आक्षेप. पण वडील उमादत्त यांचा आग्रह ठाम होता. अलाहाबादच्या हरिप्रसाद चौरसियांचे वडील पहिलवान. मुलाने आखाडा गाजवावा ही त्यांची इच्छा; मुलगा चोरून संगीत शिकला आणि पुढे कटकच्या आकाशवाणीत लागला. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी तर परदेशी गिटार घेऊन अली अकबर खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. साथीला तबल्यावर माणिकराव पोपटकर.

बँकेत आम्ही तारण पाहून कर्ज देत असू. इथे कुणाचे वाद्य परके, तर कुणाच्या घरात गाणेच परके. तारण एकच, रियाज. तेव्हा मुलांना खुशाल शिकू द्या. फक्त रोजचा हप्ता थकू देऊ नका.