मनुष्याची कात आणि एक गैरसमज

सर्प कात टाकतो हें सर्वश्रुत आहे. परंतु मनुष्यही कात टाकतो, व तोही अहोरात्र, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. सर्पाची कात अखंड उतरते. आपली इतक्या सूक्ष्म कणांनीं झडते कीं ती डोळ्यांस दिसत नाहीं, एवढाच काय तो भेद.

बाह्यत्वचेच्या तळाशीं नव्या पेशी सतत जन्मास येतात. त्या वर सरकतांना चपट्या, कठीण व निर्जीव होतात आणि सुमारें चार आठवड्यांनीं गळून पडतात. त्यांच्याबरोबर मळ व जंतूही जातात आणि झिजणारें हें आवरण नित्य नवें राहतें. पेशींना परस्परांशीं जखडणारे बंध तोडण्याचें काम पाचक रसांच्या जातीचीं कांहीं द्रव्यें करतात. त्यांस ओलावा लागतो. म्हणून गोदाकांठच्या नांदेडास काय किंवा लातूरच्या पठारावर काय, पौषांतील कोरडा गारठा पडला कीं बंध अर्धवट तुटतात आणि पायांच्या नळ्यांवर पांढुरके पापुद्रे दिसूं लागतात. अंगास लावलेलें तेल हा ओलावा उडूं देत नाहीं. यास्तव अभ्यंग दिवाळीपुरतें न ठेवतां थंडीभर चालवावें, असें आम्ही सुचवितों.

सोरायसिस या विकारांत मात्र चार आठवड्यांचा हा प्रवास थोड्याच दिवसांत उरकतो. अपक्व पेशींचे थर सांचून कोपर, गुडघे व डोकें यांवर रुपेरी खपल्या धरतात. घराण्यांत याचा कल असूं शकतो. परंतु स्पर्शानें, भांड्यानें वा वस्त्रानें तो जडत नाहीं. समूळ जात नसला तरी उपचारानें आटोक्यांत राहतो.

असें असतांही घरांतील सुनेच्या वा मुलीच्या अंगावर खपल्या दिसल्या कीं तिचें पान निराळें मांडतात, सोयरिकीचीं बोलणीं थांबतात. याचें मूळ ‘कुष्ठ’ या शब्दांत आहे. चरकसंहितेंत सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें सांगितलीं आहेत. त्यांत खपल्यांचे अनेक विकार येतात. पुढें तो शब्द एकट्या महारोगास रूढ झाला आणि त्याची भीति सर्वच खपल्यांस चिकटली. वस्तुतः महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, सोरायसिसचा तसा नसतो. शिवाय १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधांची योजना सांगितल्यापासून महारोगही बरा होऊं लागला आहे; तेव्हां बहिष्कार त्या रोग्यावरही अन्यायच होय.

नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. घरांत निवाडा करण्यापूर्वीं तेथील तज्ज्ञांस दाखवावें. जी कात आपण सर्वच टाकतों, ती कोणी जरा घाईनें टाकली म्हणून त्यास पंक्तींतून उठवावें काय?