वाटाड्या वजन का विचारतो?

विजेवर चालणाऱ्या सायकलीवरून डोंगरातल्या कच्च्या वाटेने वाटाड्याबरोबर सहलीला निघालात, तर तो आधी विचारील, "तुमचे वजन किती? सामानासकट सांगा." हा नुसता चौकसपणा नव्हे. सहलीची बरीचशी तयारी या एका आकड्यावर अवलंबून असते. कशी ते पाहू.

समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम, सायकलीचे २५ आणि पिशवीचे ५. एकूण झाले ८०. चढायचे आहे ६०० मीटर, म्हणजे जवळजवळ वाईहून पाचगणीला चढून जाण्याइतके. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा : ८० × ९.८ × ६००. उत्तर येते ४,७०,४०० ज्यूल. ३,६०० ज्यूल म्हणजे एक वॉट-तास. म्हणजे ही ऊर्जा सुमारे १३० वॉट-तास झाली.

हे उदाहरण मी वर्गात देतो, तेव्हा कोणीतरी लगेच म्हणतो, "सर, बॅटरी ५०० वॉट-तासांची असेल तर जवळजवळ चारदा चढता येईल!" तसे होत नाही. आपण काढली ती फक्त वजन उचलण्याची ऊर्जा. मऊ मातीत चाक रुतते, दगडांवर आपटते, मोटरही तापते. या सर्वांचा खर्च वेगळा. वाटेतच बॅटरी संपली, तर हा सारा भार तुमच्या पायांवर येतो. पायांनी सतत १०० वॉट शक्ती दिली, तरी ४,७०,४०० ज्यूलसाठी ७८ मिनिटे लागतील, तीही मातीचा आणि दगडांचा अडथळा न धरता! म्हणून बॅटरी आदल्या रात्री पूर्ण भरावी, सोप्या वाटेवर मोटरची मदत कमी घ्यावी आणि काही ऊर्जा राखून ठेवावी.

आता टायर पाहा. त्यात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर ८० किलोग्रॅमचा भार पेलण्यासाठी दोन्ही टायर मिळून ढोबळमानाने ४० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतात. दाब १.६ केला, तर ५० टेकतात. टायर खडबडीत जमिनीवर अधिक पसरतो आणि पकड सुधारते. पण हवा फारच कमी केली, तर दगडावर रिम आपटून ट्यूब फुटते. म्हणून योग्य दाबही वजन पाहूनच ठरवतात.

खरी कसोटी असते उतारावर. चढताना साठवलेले ४,७०,४०० ज्यूल आता कुठेतरी जायला हवेत. बॅटरीत ते परत जात नाहीत, कारण बहुतेक अशा सायकलींत मोटर साखळीमार्फत चाक फिरवते आणि फ्रीव्हीलमुळे चाक मोटरला उलट फिरवू शकत नाही. हळू उतरताना त्यांतला मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. एवढ्या उष्णतेने २० अंश सेल्सियसचे सुमारे १.४ लिटर पाणी उकळू लागेल! ब्रेक सतत दाबून ठेवला, तर पॅड अतिशय तापून त्यांची पकड कमी होते आणि नेमक्या गरजेच्या वेळी सायकल थांबत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी पॅड झिजले नाहीत ना ते तपासा. ब्रेकच्या तबकडीला तेल लागू देऊ नका. उतारावर वेग आधीच कमी ठेवा, दोन्ही ब्रेक बेताने वापरा आणि अधूनमधून थांबून ते निवू द्या. तापलेल्या तबकडीला बोट लावू नका. तीव्र उतारावर शरीर खाली व मागे झुकवा, नाहीतर पुढचा ब्रेक जोरात लागताच सायकलीसह उलटून पडाल. डोक्यावर हेल्मेट हवेच.

आता वही घ्या आणि स्वतःचे वजन व वाटेची उंची घालून हे गणित करून पाहा. वाटाड्याने वजन विचारले, की खरे वजन सांगा. संकोचाने पाच किलो लपवलेत, तरी ब्रेकला ते कळल्याशिवाय राहणार नाहीत!