नवाबांची टीम, वाडेकरांची कप्तानी

१९७१ चा कॅरेबियन विजय मराठी क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ आहे. अजित वाडेकरांच्या हाती टीम आली कशी आणि ती त्यांची झाली कशी, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

कर्णधार निवडीच्या दिवशी वाडेकर पत्नीबरोबर घरासाठी पडदे घ्यायला गेले होते. परतले तर दारात गर्दी! निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने नवाब पतौडींची कप्तानी गेली होती आणि ती स्टेट बँकेतल्या या अधिकाऱ्याकडे आली होती.

पतौडी दौऱ्यावर आले नाहीत. त्यांचे जिवलग जयसिंहा मात्र आले. हैदराबादकडून तर पतौडीच त्यांच्या हाताखाली खेळत. अशा ड्रेसिंग रूममध्ये नव्या कप्तानाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. वाडेकरांनी दिलीप सरदेसाईंसाठी आग्रह धरला होता. ज्यांना लोक संपलेले समजत होते, त्या सरदेसाईंनी किंग्स्टनला २१२ धावा ठोकल्या.

त्याच कसोटीत भारताची आघाडी १७० धावांची होती. एरवी फॉलोऑनला २०० लागतात. पण पहिला दिवस पावसात गेला होता, म्हणून १५० पुरेशा होत्या. वाडेकर थेट विंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांचे कर्णधार सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीला यायला सांगितलं. सोबर्स चकित झाले. सामना अनिर्णित राहिला, पण यजमानांचा दरारा तिथेच ओसरला.

पोर्ट ऑफ स्पेनला सलीम दुराणींनी स्वतःहून चेंडू मागितला. असा लहरी गोलंदाज ऐन मोक्यावर आणायला छाती लागते. वाडेकरांनी चेंडू दिला आणि लॉइड, सोबर्स पाठोपाठ बाद झाले. लॉइडचा झेल खुद्द वाडेकरांनी घेतला. भारत ७ गडी राखून जिंकला. वेस्ट इंडिजवरचा तो आपला पहिला कसोटी विजय. माझ्या मते वाडेकरांची खरी कप्तानी इथे दिसते: आपलं नाणं खणखणीत आहे हे जुन्या माणसांना दाखवायची संधी त्यांनी दिली.

सर्वात अवघड परीक्षा पुढे होती. १९७२-७३ मध्ये इंग्लंड भारतात आला तेव्हा पतौडी संघात परतले, तेही वाडेकरांच्या हाताखाली. मद्रास कसोटीत पतौडींनी ७३ धावा केल्या. भारताने ती कसोटी ४ गडी राखून जिंकली आणि मालिकाही २-१ अशी खिशात घातली.