बिराजदार वस्तादांचं घराणं

एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेतल्या ५७ किलो गटाची अंतिम लढत. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवलं. लढतीत दुखापत झाली तरी गडी मागे हटला नाही. सुवर्णपदक गळ्यात पडल्यावर त्याने ते आपल्या वस्तादांना, हरिश्चंद्र बिराजदारांना अर्पण केलं. वस्तादांना जाऊन तेव्हा साडेसहा वर्षं उलटली होती.

पैलवान म्हणून बिराजदारांचं नाव घेणारे आजही पुष्कळ भेटतात. लातूर जिल्ह्यातलं रामलिंग मुदगड हे त्यांचं गाव. मराठवाड्यातला हा पोरगा कुस्तीसाठी कोल्हापूरला गेला आणि तिथल्या मातीत घडला. १९६९ साली लातूरच्याच कुस्ती अधिवेशनात तो महाराष्ट्र केसरी झाला. घरच्या माणसांसमोर गदा खांद्यावर घेण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पुढच्याच वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळालं, मग रुस्तुम-ए-हिंद हा किताब आला. आणि १९७७ साली सतपालबरोबरची ती कुस्ती झाली. दिल्लीच्या गुरू हनुमानांचा पठ्ठ्या सतपाल तेव्हा ऐन भरात होता. बिराजदारांनी त्याला हरवलं. महाराष्ट्रातल्या जुन्या कुस्तीशौकिनांपुढे नुसता विषय काढा, माणसं बसल्या जागी ताठ होतात.

त्या कुस्तीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र पुढची आहे. त्या दिवशी समोरासमोर उभे राहिलेले दोघेही पुढे वस्ताद झाले. सतपालांनी दिल्लीत छत्रसाल स्टेडियमवर मुलं हाताशी धरली. त्यांतल्या सुशील कुमारने २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक पदकं आणली. बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरांना घडवू लागले. एकाच्या पाठीशी सरकारी स्टेडियम होतं, दुसऱ्याच्या पाठीशी पेठेतली तालीम. बिराजदारांचं मोठेपण मोजताना हा फरक विसरून चालणार नाही.

तालमीत राहणाऱ्या पोराचा दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. आधी कुस्तीचा मातीचा हौद खणायचा. तालमीची माती साधी नसते; तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर मुरवलेले असतात, म्हणून खरचटलेलं अंग चिघळत नाही आणि पाठ आपटली तरी माती झेलून घेते. फावड्याने ती उकरून, ढेकळं फोडून, पायाने सारखी करेपर्यंतच नव्या पोराचे दंड भरून येतात. मग जोर, बैठका, आणि त्यानंतर लढती. वस्ताद हौदाच्या कडेला उभे असतात आणि बहुतेक वेळ बोलत नाहीत. पट काढताना पोराचं डोकं कुठल्या बाजूला जातं, दम लागल्यावर तो हात कुठे टेकतो, खालचा गडी भारंदाज डावाला वाव देतो का, हे पाहत असतात. एखाद्याला जवळ बोलावून त्याचा पंजा फक्त चार बोटं वर सरकवतात. घिस्सा डाव लागतो की सुटतो, ते त्या चार बोटांवर ठरतं.

दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. मध्ये खुराक: दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई. आणि खुराकापाशीच गरिबाघरच्या पोराचं सारं अडतं. बीड, लातूर, धाराशिवकडची कोरडवाहू शेतकऱ्यांची मुलं पुण्याला येतात, ती वडिलांनी कुठून तरी उभ्या केलेल्या पैशांवर. पोराला आठ दिवस दूध कमी पडलं तर ते आधी वस्तादाला कळतं, घरच्यांना नंतर. डाव शिकवणं हा वस्तादाच्या कामाचा निम्माच भाग. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घरापासून शेकडो मैलांवर सांभाळायचं, आजारपण काढायचं, वाईट संगतीपासून राखायचं, हरून आल्यावर पुन्हा हौदात उतरवायचं, हे त्याहून अवघड. त्याची नोंद कुठल्याच निकालपत्रकात होत नाही.

त्यात मातीचा आणि गादीचा प्रश्न. मातीत चीतपट केल्याशिवाय कुस्ती संपली असं कुणी मनापासून मानत नाही. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांचा हिशोब आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी घेतली की लढत तिथेच संपते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं तेही गादीवरच, तरी आपल्या गावोगावच्या तालमी कितीतरी वर्षं मातीलाच धरून राहिल्या. बिराजदार परदेशात जाऊन लढून आलेले होते. त्यांचे शिष्य काका पवार, तेही लातूर जिल्ह्यातले, ग्रीको-रोमन प्रकारात आंतरराष्ट्रीय पातळीवर चमकले आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. ज्या प्रकारात कमरेखाली हातच लावायचा नाही, तो आपल्या मातीतल्या पोराने आपलासा केला. शिकवणाऱ्याची नजर किती लांबवर होती, हे मला त्यावरून दिसतं.

सप्टेंबर २०११ मध्ये बिराजदार गेले. राहुल तेव्हा विशीत पोहोचत होता. २००८ साली पुण्यात झालेल्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवलं होतं, आणि सगळ्यांत जास्त गरज होती तेव्हाच वस्ताद गेले. त्याला पुढे काका पवारांनी हाताखाली घेतलं. गुरुबंधूनेच गुरूची जागा घ्यायची, ही तालमीतली जुनी रीत. मधली वर्षं कठीण गेली. दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा आधीच हुकली होती, मग ग्लासगोचीही हुकली, ऑलिंपिकचं दार उघडलंच नाही. २०१८ च्या सुवर्णानंतर २०१९ साली नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याने कांस्य मिळवलं आणि २०२० साली अर्जुन पुरस्कार.

त्याच २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. हर्षवर्धन सदगीर विरुद्ध लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच हौदात घाम गाळलेले. हर्षवर्धन ३-२ असा जिंकला आणि लगेच त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. बिराजदार ही कुस्ती पाहायला नव्हते, पण त्यांचं घराणं त्या दिवशी दोन्ही बाजूंनी लढत होतं.

पुण्यापासून दूर, आमच्या चांदनी-नेपानगरपासून बुऱ्हाणपूर, रावेरपर्यंतच्या पट्ट्यातही जत्रेतल्या कुस्त्यांची हौस अजून आहे. सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. सात-आठ वर्षांचं पोर समोरच्याला लोळवतं, मुठीत रेवड्या घेऊन आईकडे धावतं आणि सगळा फड हसतो. त्यातल्या एखाद्याच्या अंगात खरंच कस असतो, जाणत्या माणसाला तो दिसतोही. पण त्याला रोज पहाटे उठवणारं, त्याच्या पंजाची जागा चार बोटं बदलणारं माणूस गावात नसतं. मोठ्या जोडीच्या इनामासाठी जत्रेची पंचमंडळी वर्गणी गोळा करतात, ती करावीच. तिच्यातून दरवर्षी दोन पोरांचा वर्षभराचा खुराक आणि एका जुन्या पैलवानाचं मानधन बाजूला काढायला मात्र कुणाची हरकत नसावी. पैलवान अशा गावांत अजून आहेत. कुणी शेतावर असतो, कुणी दुकानात बसतो, आणि बोलावणं आलं तर उद्या पहाटे हौदाच्या कडेला येऊन उभा राहील.