'इश' म्हणजे मी!

मैत्रिणींनो, जर्मन भाषेत 'मी' या शब्दाचा उच्चार साधारण 'इश' असा होतो. म्हणजे स्वतःबद्दल काही सांगायचं, तर आधी 'इश्श' करायचं! पहिल्या दिवशी मला याची भारी गंमत वाटली. पुढचे चार महिने मात्र मी खरोखरच लाजत होते, आणि तेही वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

झालं असं, की आमच्या ह्यांना जर्मनीत नोकरी मिळाली. मी आणि मुलगा मागाहून जाणार. तिकडे नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्या बायकोला बहुतेक वेळा जर्मनची 'ए-वन' ही पहिल्या पायरीची परीक्षा द्यावी लागते. काहींना त्यातून सूट असते, ती आम्हाला नव्हती. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि १०० पैकी ६० गुण हवेत. मी बी.ए. झालेली, मुलुंडच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. म्हटलं, त्यात काय एवढं!

घाटकोपरच्या क्लासात सगळी विशीतली मुलं. एक दिवस ए.सी. फार झाला, तेव्हा मी ऐटीत म्हणाले, "इश बिन काल्ट." इंग्रजीतलं वाक्य मनात धरून शब्दाला शब्द जोडला होता. पण त्याचा अर्थ निघाला, 'मी थंड स्वभावाची बाई आहे'! वर्ग खो-खो हसला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण त्या दिवसापासून माझ्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. परीक्षेत इतरांबरोबर बसवून बोलायला सांगितलं, तेव्हा येत असलेली उत्तरंसुद्धा घशात अडकली. गुण पडले ५४.

आठ दिवस मी बिल्डिंगमध्ये कुणाशी धड बोलले नाही. पोळ्या लाटताना स्वतःलाच बोल लावायची, "ठोंबी कुठली! या वयात नसते उद्योग!" पाचवीतला मुलगा ते ऐकत होता. म्हणाला, "आई, मी नापास झालो, तर मलाही असंच बोलशील?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नानं माझं लाटणं थांबलं.

माझ्या वर्गात एक तमिळ मुलगा आहे. तो 'माझा वही हरवला' असं लिहितो. मी त्याला ठोंब्या म्हणते का? नाही. पाठीवर हात ठेवून सांगते, "माझी वही हरवली." कारण मला ठाऊक आहे, त्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंना तो-ती असा भेदच नसतो. त्याची चूक अकलेची नाही, घरातल्या सवयीची आहे. मग हाच न्याय मला का नको?

त्या दृष्टीनं वही उघडली, तर माझ्या चुकाही शहाण्या निघाल्या! जर्मनमध्येही मराठीसारखी तीन लिंगं असतात. डेअर, डी आणि दास म्हणजे आपले तो, ती आणि ते. आपलं 'ते' मीठ तिकडेही 'ते'च, आपला 'तो' चमचा तिकडेही 'तो'च. पण आपली 'ती' साखर तिकडे 'तो' होते आणि आपलं 'ते' दूध 'ती'! मग चुकणारच की. आणि थंडी वाजते हे त्यांनाही आपल्यासारखंच सांगावं लागतं, "मीअर इस्ट काल्ट", म्हणजे 'मला थंडी'! मी उगीच इंग्रजीच्या दारातून गेले होते. एकवीस म्हणताना तेही आपल्यासारखा आधी एक आणि मग वीस म्हणतात. मराठी माध्यमात शिकल्याची जी लाज मी बाळगून होते, ती मराठीच हात धरायला उभी होती.

स्टीफन क्राशेन या अमेरिकन भाषातज्ज्ञानं १९८० च्या दशकात मांडलं, की मन भीतीनं, संकोचानं आखडलेलं असलं, तर कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही. स्वतःला टोचून बोलणं म्हणजे आपणच दाराला कडी घालणं.

आपल्याकडे ही वाट रमाबाई रानड्यांनी केव्हाच चालून दाखवली आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, लग्न होऊन त्या पुण्याला आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवायला सुरुवात केली, पुढे इंग्रजीही सुरू झालं, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सुरू झाले. ते सारं त्यांनी १९१० च्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात मोकळेपणानं सांगितलंय. त्यांना बोलणारं अख्खं घर होतं. आपल्याला आज घरचे कौतुकानं क्लासला पाठवतात, आणि टोमणे मारायचं काम आपणच करतो!

तुमच्यापैकी कुणी इंग्रजी, गुजराती, जपानी, काहीही शिकत असाल, तर माझे तीन उपाय करून बघा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नव्या भाषेतल्या चिठ्ठ्या चिकटवा, लिंगासकट. एक 'चुकांची वही' ठेवा. चूक लिहा आणि ती का झाली तेही लिहा, म्हणजे ती अपराध न वाटता धडा वाटते. आणि रोज दहा मिनिटं मोठ्यानं बोला. मी मुलुंड ते घाटकोपर लोकलमध्ये पुटपुटते. भाजी निवडणाऱ्या बायका आधी दचकल्या. आता एकजण रोज विचारते, "आज काय नवीन?"

पुढच्या महिन्यात माझी पुन्हा परीक्षा आहे. साठ पडतील की नाही, देव जाणे. पण परवा क्लासात मी दुधाला 'डेअर' म्हणाले, मुलं हसली, आणि त्यांच्याआधी मी हसले. मग वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. 'इश' म्हणताना आता 'इश्श' होत नाही.