तरुण खेळाडूंमधील कंबरेचा स्नायुताण : स्वरूप, पुनर्वसन आणि महाविद्यालयाची जबाबदारी
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

नांदेड व लातूर या जिल्ह्यांना तालमीची आणि मैदानाची जुनी परंपरा आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले होते. आजही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि मैदानी स्पर्धांचे खेळाडू मोठ्या प्रमाणावर ग्रामीण भागातून येतात. त्यांच्या जोडीला पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारे आणि गोळाफेकीचा सराव करणारे विद्यार्थीही असतात. या सर्वांच्या शरीरावर पडणारा भार अखेरीस कंबरेतून जातो. त्यामुळे ‘उसण भरली’, ‘लचक बसली’, ‘कंबर धरली’ हे शब्द क्रीडा विभागात नेहमी कानी पडतात.

अशा खेळाडूस परस्परविरोधी असे दोन सल्ले मिळतात. घरची मंडळी पंधरा दिवस अंथरुणावरून उठू नको असे सांगतात, तर सहकारी खेळाडू ‘अंग मोकळे कर, सोसून खेळ’ असे सुचवितात. वैद्यकीय संशोधनाचा विचार करता हे दोन्ही सल्ले सदोष आहेत. कंबरेच्या स्नायुताणाचे स्वरूप, तरुण वयात निदान करताना घ्यावयाची काळजी, पुनर्वसनाचे टप्पे आणि या संदर्भात प्राध्यापकांची भूमिका यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

१. दुखापतीचे स्वरूप :

मानवी कटिप्रदेशात पाच मणके असतात. त्यांपैकी खालचे दोन मणके आणि त्यांखालील त्रिकास्थी यांच्यामधील सांध्यांवर सर्वाधिक भार येतो. कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांब स्नायू असून ते शरीराला ताठ ठेवतात. त्यांच्या आत, मण्यामण्याला जोडणारे ‘मल्टिफिडस’ हे लहान स्नायू असतात. प्रत्येक मणका जागेवर स्थिर ठेवणे हे त्यांचे कार्य होय. अचानक पीळ, झटका किंवा क्षमतेपेक्षा अधिक भार आल्यास स्नायूंचे वा कंडरांचे काही तंतू ताणले जातात अथवा तुटतात. यालाच स्नायुताण म्हणतात. दुखापत झालेल्या भागाचे रक्षण करण्यासाठी भोवतालचे स्नायू आकुंचन पावतात आणि कंबर ‘धरते’.

आपल्याकडील खेळांत अशा प्रसंगांची कमतरता नाही. धोबीपछाड अथवा कलाजंग या डावांत मल्ल प्रतिस्पर्ध्याचे वजन पाठीवर वा खांद्यावर घेऊन वळतो. कबड्डीत पकड करणारा खेळाडू वाकलेल्या स्थितीत दुसऱ्याचा जोर अडवितो. खो-खोमध्ये बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच एका क्षणात उठून वळतो. पोलीस भरतीतील पुरुष उमेदवार ७.२६० किलोग्रॅमचा गोळा फेकतात. त्यासाठी लागणारी शक्ती पायांकडून हाताकडे जाताना कंबरेच्या पिळातूनच जाते.

२. तरुण कंबर आणि निदानातील सावधगिरी :

तरुण खेळाडूची कंबर म्हणजे प्रौढ माणसाच्या कंबरेची लहान आवृत्ती नव्हे, ही बाब सर्वप्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मिकेली व वुड या अमेरिकन संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंबरदुखीच्या १०० किशोरवयीन खेळाडूंची १०० प्रौढ रुग्णांशी तुलना केली होती. किशोरवयीनांपैकी ४७ टक्के खेळाडूंत मणक्याच्या मागील कमानीस ताणामुळे पडणारी चीर, म्हणजेच स्पाँडिलोलायसिस आढळली. प्रौढांत हे प्रमाण केवळ ५ टक्के होते. याउलट साधा स्नायुताण प्रौढांत २७ टक्के, तर किशोरवयीनांत अवघा ६ टक्के आढळला.

हे आकडे क्रीडावैद्यक केंद्रात उपचारासाठी आलेल्या रुग्णांचे आहेत. मैदानावर लचक भरलेल्या प्रत्येक खेळाडूस ते जसेच्या तसे लागू करणे योग्य ठरणार नाही, कारण दोन-चार दिवसांत बरे होणारे खेळाडू बहुधा अशा केंद्रापर्यंत पोहोचतच नाहीत. तथापि, त्यांतून मिळणारा इशारा महत्त्वाचा आहे. तरुण खेळाडूची कंबर दोन-तीन आठवड्यांनंतरही दुखत असेल, विशेषतः मागे वाकताना किंवा एका पायावर उभे राहून मागे वाकताना एकाच बाजूस वेदना होत असेल, तर ‘उसण आहे, जाईल’ असे म्हणून चालणार नाही. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी होणे आवश्यक आहे. साध्या क्ष-किरण चित्रात सुरुवातीची चीर पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे एमआरआय तपासणीची गरज भासू शकते. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असल्याने तज्ज्ञांचा सल्ला या भागातील विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचा नाही.

पुढील लक्षणे आढळल्यास मात्र क्षणाचाही विलंब करू नये : पायातील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या आतील भागास व गुदद्वाराभोवती बधिरता येणे, लघवी वा शौचावरील नियंत्रण जाणे, तापासह कंबरदुखी, रात्री झोपेतून जागे करणारी वेदना आणि उंचावरून पडल्यानंतरची तीव्र वेदना. विद्यार्थिनींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरावाच्या मानाने आहार अपुरा असेल आणि मासिक पाळी अनियमित झाली असेल, तर हाडे कमकुवत होऊन त्यांना चीर पडण्याचा धोका वाढतो. ही माहिती डॉक्टरांना सांगण्याइतका मोकळेपणा विद्यार्थिनीस वाटला पाहिजे.

३. विश्रांतीविषयीचा बदललेला विचार :

कंबरदुखीवर दीर्घ विश्रांती हा एके काळी सर्वमान्य उपचार होता. डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये २०३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस अंथरुणावर विश्रांती घेण्यास सांगितले होते. दोन दिवसांच्या गटातील रुग्णांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि त्यांच्या प्रकृतीत इतर कोणताही तोटा दिसून आला नाही. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकी येथील अभ्यासात अंथरुणावरील विश्रांती, कंबरेचे व्यायाम आणि वेदना सोसवेल इतके नेहमीचे व्यवहार यांची तुलना करण्यात आली. त्यात नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारा गट सर्वांत लवकर बरा झाला.

हे दोन्ही अभ्यास प्रौढांवरील आहेत आणि नेहमीचे व्यवहार म्हणजे स्पर्धेतील खेळ नव्हे. त्यांतून निघणारे तत्त्व एवढेच की, खेळ थांबवावा. पण हालचाल थांबवू नये.

येथे वेदनेचे शमन व दुखापतीचे पूर्ण निराकरण यांतील भेदही समजून घ्यावा लागतो. हाइड्स व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, पहिल्यांदा झालेली कंबरदुखी थांबली तरी मल्टिफिडस स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठपुराव्यात, विशिष्ट व्यायाम न केलेल्या गटात वर्षभरात ८४ टक्के रुग्णांची कंबर पुन्हा दुखली होती, तर व्यायाम केलेल्या गटात हे प्रमाण ३० टक्के होते. रुग्णसंख्या लहान असली तरी निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे. वेदना गेल्यानंतरचे व्यायाम हाच पुनर्वसनाचा गाभा होय.

४. पुनर्वसनाचे टप्पे :

(अ) पहिले दोन-तीन दिवस : उताणे झोपून पोटऱ्या खुर्चीवर किंवा उशांवर ठेवल्यास कंबरेवरील ताण कमी होतो. पंधरा-वीस मिनिटे कोमट शेक घ्यावा. दर एक-दोन तासांनी थोडे चालावे. एका जागी अर्ध्या तासापेक्षा अधिक बसू नये. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. गोळी वा इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणे कटाक्षाने टाळावे. जोरकस मालिश या काळात करू नये.

(आ) पहिला ते दुसरा आठवडा : दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे चालून हळूहळू वेळ वाढवावी. त्यासोबत तीन व्यायाम करावेत. पहिला, उताणे झोपून एक गुडघा वाकवून डोके व खांदे किंचित उचलणे. दुसरा, कुशीवर कोपर व गुडघे टेकवून कंबर उचलून धरणे. तिसरा, हात व गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध पाय सरळ करणे. प्रत्येक स्थिती आठ ते दहा सेकंद धरावी आणि पाच-सहा वेळा करावी. जोर, पूर्ण उठाबशा आणि सूर्यनमस्कार या काळात टाळावेत. रात्रीच्या झोपेत मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकण्याचा ताण अधिक पडतो. पहाटे आखाड्यात जाणाऱ्यांनी ही गोष्ट विशेषत्वाने पाळावी.

(इ) दुसरा ते चौथा आठवडा : पाठ सरळ ठेवून नितंबाच्या सांध्यातून वाकण्याची सवय लावावी. नितंब व मांड्यांचे व्यायाम करावेत आणि सपाट जमिनीवर हळू धावावे.

(ई) खेळाकडे परतणे : सराव निम्म्या भाराने सुरू करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वाढली नसेल तरच भार वाढवावा. हालचाली पूर्ण व वेदनारहित असणे, दोन्ही बाजूंची शक्ती समान असणे आणि एक आठवडा पूर्ण सराव विनातक्रार पार पडणे, या तीन कसोट्या उतरल्यावरच स्पर्धेचा विचार करावा. वरील आठवडे अंदाजे आहेत. खेळाडूची प्रगती कसोटीवर ठरावी, दिनदर्शिकेवर नव्हे. मणक्यास चीर असल्यास हा क्रम लागू होत नाही. तेथे सामान्यतः काही महिने खेळ थांबवावा लागतो.

५. दोन बोलकी उदाहरणे :

जानेवारी १९९९ मध्ये चेन्नई येथे पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत भारतासमोर २७१ धावांचे लक्ष्य होते. पंचवीस वर्षांच्या सचिन तेंडुलकर यांनी पाठीच्या असह्य वेदना सोसत १३६ धावा केल्या. विजयासाठी १७ धावा हव्या असताना ते बाद झाले आणि भारत १२ धावांनी हरला. या खेळीचे कौतुक योग्यच आहे. परंतु तो प्रसंग व्यावसायिक खेळाडूचा, सर्वोच्च पातळीवरचा होता. आंतरमहाविद्यालयीन सामन्यातील विद्यार्थ्यासाठी त्याचा आदर्श ठेवणे धोक्याचे आहे.

दुसरे उदाहरण जसप्रीत बुमराह यांचे आहे. २०१९ मध्ये त्यांच्या पाठीस स्ट्रेस फ्रॅक्चर झाले होते. २०२२ मध्ये पाठीच्याच तक्रारीमुळे बाहेर राहिल्यानंतर त्यांनी सप्टेंबरमध्ये नागपूर येथील सामन्यातून पुनरागमन केले. हैदराबाद येथील पुढच्या सामन्यानंतर मात्र त्यांना पुन्हा थांबावे लागले आणि त्या वर्षीचा टी-२० विश्वचषक हुकला. मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते पुन्हा खेळू लागले. उत्तम वैद्यकीय सोयी हाताशी असणाऱ्या खेळाडूलाही शरीराने घेतलेला वेळ टाळता आला नाही, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

६. स्थानिक परिस्थिती :

पुनर्वसनाचे शास्त्र सर्वत्र सारखे असले तरी विद्यार्थ्याचे जीवन सारखे नसते. खरिपातील सोयाबीनची काढणी आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम साधारणतः एकाच सुमारास येतो. मैदानावर विश्रांती घेणारा खेळाडू घरी पोती उचलत असेल, तर त्या विश्रांतीस अर्थ उरत नाही. त्यास ‘आराम कर’ असे सांगण्यापेक्षा, पोते एकट्याने उचलू नये, कंबर पिळू नये आणि ओझे छातीजवळ धरावे, असे सांगणे अधिक उपयोगी ठरते. खेळाडू लातूर पॅटर्नच्या शिकवणी वर्गांत तासन्‌तास बसून राहत असेल, तर तेही कंबरेला तितकेच जाचक असते.

पायाळू व्यक्तीने पाय लावला की उसण जाते, अशी समजूत ग्रामीण भागात आजही आढळते. या समजुतीची थट्टा करण्यापेक्षा तिचे कारण समजावून द्यावे. साधा स्नायुताण बहुतांशी काही दिवसांत आपोआप कमी होतो आणि श्रेय शेवटी केलेल्या उपायास मिळते. मणक्यास चीर असलेल्या कंबरेवर पाय पडला तर अपाय होऊ शकतो, हे विद्यार्थ्यास पटले म्हणजे पुरे. निर्गुडीच्या पाल्याचा वा वाळूचा शेक मात्र चटका न बसेल इतपत घेण्यास हरकत नाही.

७. महाविद्यालयाची जबाबदारी :

या संदर्भात पुढील उपाय सुचवावेसे वाटतात. क्रीडा विभागाने प्रत्येक खेळाडूची दुखापत-नोंदवही ठेवावी. संघनिवडीपूर्वी कंबरदुखीची चौकशी करावी आणि खरे सांगणाऱ्या खेळाडूचे संघातील स्थान त्या कारणाने कायमचे जाणार नाही, अशी हमी द्यावी. अशी हमी नसेल तर खेळाडू वेदना लपवितो. वर्गातील प्राध्यापकांनी दुखापतग्रस्त विद्यार्थ्यास मध्येच उभे राहण्याची मुभा द्यावी. शारीरिक शिक्षण संचालकांनी जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्याशी संपर्क ठेवावा. पोलीस भरतीची तयारी करणारे अनेक विद्यार्थी कोणत्याही संघात नसतात. त्यांनाही या मार्गदर्शनात सामावून घ्यावे.

समारोप :

कंबरेचा स्नायुताण ही बहुतांशी बरी होणारी दुखापत आहे. हालचाल चालू ठेवणे, क्रमाने भार वाढविणे आणि वेदना थांबल्यानंतरही व्यायाम न सोडणे ही तिच्या पुनर्वसनाची त्रिसूत्री होय. मात्र तरुण वयात लांबलेल्या कंबरदुखीस स्नायुताण समजणे हीच सर्वांत मोठी चूक ठरू शकते. ज्या विद्यार्थ्याच्या घरात शेती कोरडवाहू आहे आणि ज्याची सारी भिस्त भरतीच्या मैदानावर आहे, त्याच्या दृष्टीने कंबर हे केवळ शरीराचे एक अंग नसते, तर त्याच्या उपजीविकेचा तो आधार असतो. एक स्पर्धा हुकली तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा येते, हे त्यास वेळीच आणि विश्वासाने सांगणारी व्यक्ती बहुधा त्याच्या महाविद्यालयातच असते.