प्रकाशमापकाचा काटा का चुकतो?

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील दमट पावसाळ्यात जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या बॅटरीकप्प्यातील पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. म्हणून प्रकाशमापकाचा, म्हणजे दृश्यावरील उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचा, काटा मुळीच हलत नसेल तर आधी तो थर व्हिनेगरच्या ओलसर बोळ्याने पुसून पट्ट्या कोरड्या कराव्यात. काटा हलतो पण चुकतो, हा दोष मात्र अधिक फसवा आहे. १९६०-७०च्या दशकांतील अनेक मापकांत कॅडमियम सल्फाइडचा घटक असे, ज्याचा विद्युतरोध उजेडात घटतो, आणि तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीशी जुळवलेला असे. तिच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली, की बहुतेक मापक उजेड वाढवून दाखवतात आणि छायाचित्र काळवंडते. श्रवणयंत्राची १.४ व्होल्टची बॅटरी अल्कलाइनहून बरी. पडताळणीसाठी ठाण्यातील मासुंदा तलावाकाठी, भर दुपारच्या निरभ्र उन्हात, १०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ हे भिंगाचे छिद्र आणि १/१२५ सेकंद हा शटरचा वेळ या जोडीच्या आसपास काटा येतो का, ते पाहावे.